अफवेचं घर

मीनाबाई कांबळेंवर लिहायचं म्हणून मी गेल्या आठवड्यात तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा दूध उतू जाईल म्हणून, एकदा दारावर कुणी आहे असं वाटलं म्हणून, आणि तिसऱ्यांदा उठायला काही कारणच नव्हतं. चांगल्या माणसावर लिहिणं सोपं असतं म्हणतात. असेल. पण ज्याचं आपण वाटोळं केलं अशा चांगल्या माणसावर लिहायला बसलं की खुर्ची टोचते. म्हणून आधीच सांगून टाकते. पेठ वडगावच्या ह्या नर्सबाईंनी सतरा वर्षं घरोघर फिरून लोकांचा जो विश्वास मिळवला होता, तो मी एका दुपारी, तान्हं बाळ मांडीवर घेऊन, एका हातानं टाइप करत घालवला. त्यानंतर काय काय झालं ते सगळं सांगायचं ठरवलंय, नाहीतर मला झोप लागणार नाही.

मीनाबाई मूळच्या चंदगडकडच्या. आईवडील दुसऱ्याच्या भातशेतीत राबायचे. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हापासून त्या घरात एक गोष्ट ठरलेली होती, पोरं उपाशी राहिली तरी शाळा चुकवायची नाही. मीनाबाई दहावी झाल्या, कोल्हापूरला नर्सचं शिक्षण घेतलं आणि एक्याण्णव साली वडगावला रुजू झाल्या. नवरा केरबा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. खोली शोधताना तीन घरमालकांनी आडनाव ऐकून ‘आत्ताच दिली’ असं सांगितलं. चौथ्यानं आडनाव विचारलंच नाही, त्याच्याकडे ती दोघं अजून राहतात.

आमच्या घरी, म्हणजे बाजारपेठेतल्या गोमटेश मगदूम कापडवाल्यांच्या घरी, त्यांना चहा मिळायचा. पण तो बाहेरच्या सोप्यात, आणि वेगळ्या कपात. चहा झाला की त्या कप स्वतःच विसळून पालथा घालून जायच्या. माझ्या आईला, त्रिशलाला, ह्यात काही वावगं वाटत नसे आणि मला तेव्हा ते दिसतही नसे. त्याच हातांनी माझ्या धाकट्या भावाच्या मांडीत सुई टोचलेली मात्र आमच्याकडे चालायची. राग येतो आता. कुणाचा म्हणून विचारू नका, यादी मोठी आहे आणि तीत मी वरच्या नंबरला आहे.

त्यांची काम करायची एक पद्धत होती. खांद्याला लशीचा निळा डबा, पायात जाड टाचेच्या चपला, आणि चाल अशी भरभर की सोबतच्या मदतनीस बाईला धाप लागायची. कुठल्याही बाळाला टोचलं की त्याच्या आईला तीन गोष्टी सांगितल्याशिवाय त्या उंबरठा ओलांडत नसत. ही लस कशाची आहे, हे पहिलं. दुसरं, “रात्री ताप येणार. येऊ दे. लस कामाला लागली म्हणायचं,” आणि तापाची गोळी किती द्यायची ते. आणि तिसरं, “उद्या मी बघाय येते.” ह्या तिसऱ्या गोष्टीचा सरकारी कागदात कुठं उल्लेख नव्हता. तरी त्या दुसऱ्या दिवशी येतच. पावसात, बाजाराच्या गर्दीत, स्वतःला ताप असतानासुद्धा. बायका थट्टेनं म्हणायच्या, “बाई, ताप काय आला न्हाय बगा, लस परत द्या.” त्यावर त्या म्हणायच्या, “मग तुलाच टोचते, ये हिकडं.”

पण त्यांची खरी कामगिरी मी पंच्याण्णव-शहाण्णवच्या हिवाळ्यात पाहिली. पोलिओचे थेंब पाजायची मोहीम तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. मी शाळकरी मुलगी, डोस घेतलेल्या पोरांच्या बोटाला शाई लावायचं काम आमच्या वर्गाकडे होतं. पहिल्या फेरीला गर्दी झाली आणि दुसऱ्या फेरीच्या आधी गावात बातमी पसरली की थेंब पाजलेल्या पोरींना पुढं मूलबाळ होत नाही. ओढ्याकडच्या गल्लीत तर दारंच बंद. डॉक्टरसाहेबांनी रिक्षावर भोंगा लावून फिरवला, कुणी बाहेर आलं नाही.

मीनाबाई भोंग्याच्या वाटेला गेल्या नाहीत. त्यांनी पहिल्या घरात जाऊन विचारलं, “तुला कुणी सांगितलं गं?” तिनं शेजारणीचं नाव सांगितलं. शेजारणीला विचारलं, तिनं पाणवठ्यावरच्या बाईचं. असं करत करत सातव्या घरात त्या झुंबरबाईपाशी पोचल्या. मी मागोमाग होते, हातात शाईची बाटली. मला वाटलं, आता इथं भांडण जुंपणार. मीनाबाई खाली बसल्या, झुंबरबाई गवार निवडत होती त्यातली मूठभर पुढ्यात ओढून निवडायला लागल्या. मग झुंबरबाईच बोलायला लागली. तिची नात पूर्वी कधीतरी तापानं गेली होती, कसला ताप ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या आधी आठवडाभर कुणीतरी सुई टोचून गेलं होतं. एवढ्या वर्षांत तिला त्याबद्दल एका माणसानं विचारलं नव्हतं. “नाव काय हुतं पोरीचं?” मीनाबाईंनी विचारलं. झुंबरबाई रडली. पुढच्या फेरीला ती स्वतः गल्लीतली अकरा पोरं हाकत घेऊन आली.

परत येताना मीनाबाई मला म्हणाल्या, “अफवा वाऱ्यावर येत न्हाय, अपूर्वा. कुणाच्या तरी घरातनंच निघती. ते घर घावलं की काम झालं.” मला ते फार आवडलं होतं. मी शाळेत निबंधातसुद्धा लिहिलं होतं.

मग मी शिकले. इंजिनिअर झाले, वृषभशी लग्न होऊन पुण्याला गेले, आणि दोन हजार आठच्या मे महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आले. वृषभची बदली बंगळूरला झाली, तिथं घर लागेपर्यंत मी वडगावातच राहायचं ठरलं. बाळ रात्रभर जागं, दिवसा झोपलेलं. मी रात्रंदिवस जागी. घरात भावाचा कॉम्प्युटर होता, त्यावर इंटरनेट रडत-खडत चालायचं. मी ऑर्कुटवर बसायला लागले. तिथं ‘आमचं वडगाव’ नावाची कम्युनिटी होती. तीन-साडेतीनशे सभासद, निम्मे स्टँडजवळच्या सायबर कॅफेतली पोरं, उरलेले पुण्या-मुंबईला नाहीतर दुबईला. सासरच्यांना दिसू नये म्हणून माझं नाव तिथं ‘चांदणी’ होतं आणि फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल होतं.

जुलैच्या मध्यावर बाळाला त्रिगुणी लस दिली. मीनाबाईंकडे नाही, कोल्हापुरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे, गाडी करून. त्यांनी सांगितलं होतं ताप येईल म्हणून. मी ऐकलं नव्हतं, माझं लक्ष बाळाच्या रडण्याकडे होतं. संध्याकाळी अंग तापलं आणि माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दुपारी ताप उतरलाही होता, पण भीती उतरायला तयार नव्हती. मी कम्युनिटीवर लिहिलं : ‘वडगावात सरकारी डोसानंतर बाळाला भयंकर ताप. ह्या लशीत काय असतं हे कुणी सांगेल का? आपली लेकरं म्हणजे प्रयोगाची उंदरं आहेत का?’

सरकारी का लिहिलं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की उत्तर पाठ झालंय. मोठ्या डॉक्टरांवर संशय घ्यायला माझी जीभ रेटली नाही. सरकारी म्हटलं की कुणावरही घेता येतो. आणि आणखी एक. तसं लिहिलं की उत्तरं जास्त येतात हे मला तिथं बसून बसून कळलं होतं.

उत्तरं आली. एकानं लिहिलं, माझ्या मावशीच्या गावातही असंच झालं. एकानं लिहिलं, हा सगळा परदेशी कंपन्यांचा डाव. एकानं मला धाडसी म्हटलं. आणि सहा वर्षं गावाकडं न फिरकलेल्या दुबईच्या एका माणसानं लिहिलं, ‘आमच्या गल्लीत एक बाळ दगावलं म्हणतात.’ ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं, कारण बाळ दगावलं असतं तर आमच्या दुकानात सगळ्यात आधी कळलं असतं. मी काही लिहिलं नाही. दिवसभर कुणाशी दोन शब्द बोलायला न मिळणाऱ्या बाईला एकशे चौदा माणसं उत्तर देत होती. मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटत होतं.

सायबर कॅफेतल्या कुणीतरी त्याचा प्रिंट काढला. तो पानपट्टीवर चिकटला. मग त्याचे एसएमएस झाले, त्यात बाळं एकाची तीन झाली. ऑगस्ट संपता संपता लसीकरणाच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर पूर्वीच्या निम्म्याही बायका नसायच्या, बाळं मोजकी.

आणि एका सकाळी मीनाबाई तो प्रिंट चौघडी करून आमच्याच घरी आल्या. सोप्यात उभ्या राहिल्या. मी बाळाला तेल लावत होते.

“ताई, तुमास्नी कंप्युटरातलं कळतं,” त्या म्हणाल्या. मी शिकले, लग्न झालं, तेव्हापासून मी त्यांच्या तोंडी ‘ताई’ झाले होते. “ह्ये ज्येनं लिवलंय त्येचं घर कुठं हाय तेवढं बघून द्या. मी जाऊन बसते त्येच्यापाशी.”

माझे हात तेलकट होते, ते मी पुसतच राहिले.

“मीनाबाई, ह्यात घर नसतं,” मी म्हणाले. “लोक खोट्या नावानं लिहितात.”

“नाव खोटं आसंल. बाई तर खरीच आसंल की. बाळाच्या तापाचं लिवलंय, म्हंजी लेकुरवाळीच हाय कुणीतरी. घाबरलीया बिचारी. ताप येतो म्हणून तिला कुणी सांगितलं नसंल. आणि माझ्या हातचं बाळ आसंल तर मी कशी इसरले सांगाय? रात्रभर वही चाळली मी, ताई.”

सतरा वर्षांत त्या एकदाही विसरल्या नव्हत्या, आणि माझ्या एका ओळीमुळे रात्रभर स्वतःची चूक शोधत बसल्या होत्या. तेव्हा मी बोलायला हवं होतं. ‘मीनाबाई, ते घर हेच’, एवढंच. त्यांनी आमच्या सोप्यात बसकण मारली असती, आईनं वेगळ्या कपात चहा आणला असता, आणि सगळं तिथंच मिटलं असतं. मी बोलले नाही. आई आत होती, वडील ऐकतील, वृषभला कळेल, गावभर नाव होईल. मी बाळाचा पाय धरून चोळत राहिले.

न बोलून थांबले असते तरी एकवेळ चाललं असतं. पण आतून कुरतडत होतं ना, म्हणून मी मदत करायला गेले.

“तुम्ही असं करा,” मी म्हणाले, “काही दिवस तापाचं बोलूच नका. लोक आधीच घाबरलेत. तुम्ही ताप म्हटलं की त्यांना हा कागद आठवतो. टोचायचं आणि निघायचं.”

“न्हाय सांगायचं?” त्या गोंधळल्या. “सतरा वर्सं सांगत आले की.”

“तेव्हा इंटरनेट नव्हतं,” मी म्हणाले, शिकलेल्या माणसाच्या आवाजात.

मला वाटतं, त्यांना ते पटलं नव्हतं. पण मी इंजिनिअर होते, मगदुमांची होते, आणि त्या मला लहानपणापासून ओळखत होत्या. त्यांनी मान हलवली.

पहिल्याच आठवड्यात त्या ओढ्याकडच्या गल्लीत बनाबाईच्या घरी गेल्या. बनाबाईचा मुलगा कृष्णात टेंपो चालवायचा. त्याचा पहिलावहिला पोरगा संग्राम, पाच महिन्यांचा, गुबगुबीत. त्याची त्रिगुणीची तिसरी सुई राहिली होती. कृष्णातनं पानपट्टीवरचा कागद वाचला होता आणि त्याचं मन नव्हतं, पण बनाबाई म्हणाली, “दोन टायमाला बाईनीच टोचलं, काय झालं? टोचू दे.” मीनाबाईंनी टोचलं, बाळाला खेळवलं, आणि माझ्या सांगण्यावरून ताप हा शब्द न उच्चारता बाहेर पडल्या.

रात्री संग्रामला ताप आला. मागच्या दोन वेळी आला होता तसाच. पण मागच्या दोन वेळी बाईंनी सांगितलं होतं. ह्यावेळी त्या गप्प होत्या. का गप्प होत्या? कृष्णातनं त्याचा अर्थ लावला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी मीही तोच लावला असता. ही लस वेगळी आहे, बाईंना ते ठाऊक आहे, म्हणून तोंडाला कुलूप.

दुसऱ्या दिवशी मीनाबाई बघायला गेल्या तर कृष्णात दारात आडवा. “दरवेळी सांगतासा आणि आत्ता दातखीळ बसली व्हय? काय घातलासा माझ्या पोराच्या अंगात?” गल्ली जमली. मीनाबाईंनी सांगायचा प्रयत्न केला, पण काय सांगणार? मगदुमांच्या पोरीनं सांगू नको म्हटलं म्हणून? त्यांनी माझं नाव घेतलं नाही. “माझं चुकलं,” एवढंच म्हणाल्या. त्या दोन शब्दांचे गल्लीनं शंभर अर्थ काढले. संग्राम संध्याकाळपर्यंत ठणठणीत झाला, हे मात्र कुणी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर ओढ्याकडची सगळी दारं बंद झाली. मीनाबाई जात राहिल्या. दिवाळीनंतर गेल्या, संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेल्या. संग्रामच्या गोवराच्या लशीची तारीख जानेवारीत होती, तेव्हा आठवडाभर रोज गेल्या. बनाबाई दार किलकिलं करून म्हणायची, “पोरगा न्हाय म्हणतोय, बाई. मी काय करू?”

फेब्रुवारीच्या शेवटी गावात गोवर आला. ओढ्याकडच्या गल्लीतच सगळ्यात जास्त. आमच्याकडे गोवर आला की घरात फोडणी देत नाहीत, तळण काढत नाहीत, बाळाच्या उशाशी कडुनिंबाचा डहाळा ठेवतात आणि अंगातलं सगळं बाहेर पडू दे म्हणून डॉक्टरकडे न्यायचं टाळतात. संग्रामला अंगभर पुरळ उठलं. पाच दिवस डहाळा उशाशी होता. सहाव्या दिवशी छाती भरली. मीनाबाईंना कुणीतरी सांगितलं तशा त्या पळत गेल्या, कृष्णातला बाजूला ढकलून आत शिरल्या, बाळाचा श्वास बघितला आणि त्याच्याच टेंपोत बसून बाळाला मांडीवर घेऊन कोल्हापूरला निघाल्या. फार उशीर झाला होता. मार्चच्या बारा तारखेला संग्राम गेला. अकरा महिन्यांचासुद्धा झाला नव्हता.

मी त्या दिवशी बंगळूरला जायची बॅग भरत होते. आईनं स्वयंपाकघरातून सांगितलं, “ओढ्याकडं बनाबाईचा नातू गेला गं.” मी बॅगेतले कपडे बाहेर काढले, परत भरले, परत काढले. दोन दिवस मी घरभर नुसती फिरत होते. ती पोस्ट मी तेव्हा काढून टाकली. एक बटण दाबायचं काम होतं, आठ महिने ते माझ्या हातून झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी मीनाबाईंच्या खोलीवर गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चांदणी कोण, ताप कुठल्या डॉक्टरांकडचा, सरकारी का लिहिलं, सगळं.

त्या भांडी घासत होत्या. हात तसेच राहिले. मला वाटलं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर मला सोसलं असतं.

“त्या दिवशी मी तुमच्यात आलते,” त्या म्हणाल्या. “तुमच्या म्होरं हुबी हुते मी, ताई.”

“मी आता तिथं खरं काय ते लिहिते,” मी घाईघाईनं म्हणाले. “माझ्या खऱ्या नावानं. सगळ्यांना कळू दे.”

“लिवा की. पर बनाबाईला वाचाय येत न्हाय.” त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. “चला.”

“आत्ता?”

“मग कवा?”

बाजारपेठेतून ओढ्यापर्यंत दहा मिनिटांची वाट आहे. मीनाबाई पुढं, मी मागं. वाटेत मला दोनदा परत फिरावंसं वाटलं. त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही, आणि एरवीसारख्या भरभरही चालल्या नाहीत.

बनाबाई उंबऱ्यात बसली होती. कृष्णात टेंपो घेऊन गेलेला, सून आत झोपलेली. मीनाबाई म्हणाल्या, “बनाबाई, ही मगदुमांची अपूर्वा. हिला तुला कायतरी सांगायचं हाय.” आणि त्या तिच्या शेजारी खाली बसल्या.

मी सांगितलं. कॉम्प्युटर, कम्युनिटी, असले शब्द तिच्यापुढं काही कामाचे नव्हते, म्हणून सरळच सांगितलं. पानपट्टीवरचा तो कागद माझा. मी खोटं लिहिलं. बाईंना गप्प राहायला मीच सांगितलं. बनाबाई ऐकत होती की नाही कळत नव्हतं. तिची नजर माझ्या पायांवर होती. माझं सगळं सांगून संपलं. मग एकदम वर बघून तिनं विचारलं, “तुमचं बाळ केवढं हाय?”

“नऊ महिने झाले.”

“त्येला टोचलासा गोवराचं?”

मीनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. उंबऱ्यावर माशा घोंघावत होत्या. खोटं बोलणं फार सोपं होतं, मला त्याची सवयही झाली होती.

“टोचलं,” मी म्हणाले.

“कवा?”

“ह्याच महिन्यात. तुमच्या गल्लीत गोवर आलाय असं कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. गाडी करून नेलं.”

“म्हंजी तुमास्नी ठावं हुतं,” बनाबाई म्हणाली.

“होतं,” मी म्हणाले.